कुस्ती कोण मारणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शनिवारी रात्रीची भाईंदर लोकल. बोरिवलीला गर्दी जरा ओसरते आणि माणसांना एकमेकांची तोंडे दिसू लागतात. माझ्यासमोर तीन तरुण बसले होते. खांद्याला व्यायामशाळेच्या पिशव्या, हातात मोबाइल. विषय होता मिश्र मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ज्याला ही मुले एमएमए म्हणतात त्या लढतींचा. अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. त्यांचा निकाल काय लागणार, यावर वाद रंगला होता. एक म्हणत होता, याचा हात लांब आहे, हा जवळ येऊच देणार नाही. दुसरा म्हणत होता, एकदा खाली पाडला की संपले. तिसरा फक्त ‘शंभर टक्के’ एवढेच म्हणत होता. मीरा रोड स्टेशन येईपर्यंत चारही लढतींचे निकाल लागून गेले होते आणि लढती तर अजून व्हायच्या होत्या!

मला गंमत वाटली, कारण हा वाद मी लहानपणी शब्दशः ऐकला आहे. तो लोकलमध्ये नव्हता, कऱ्हाडकडच्या आमच्या गावी देवळाच्या पारावर होता. जत्रेच्या आदल्या रात्री कुस्त्यांचे हँडबिल कंदिलाच्या उजेडात वाचले जायचे आणि म्हातारी माणसेही विचारायची, “मग, शेवटची कुस्ती कोण मारणार?”

मंडळी, आज मला या प्रश्नाचाच इतिहास सांगायचा आहे. दोन माणसे एकमेकांशी भिडणार असतील, तर कोण जिंकेल हे आधी सांगता येते का? आपल्या मुलुखात हा प्रश्न कोणी कोणी विचारला, कशासाठी विचारला आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत कोणी मोजली?

आपल्याकडचा या विषयावरचा एक जुना लेखी पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे चालवावे, काय खावे, कशात रमावे, असे नाना विषय त्यात आहेत. त्यात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मल्लांचा आहार, त्यांचा व्यायाम आणि दरबारातली कुस्ती यांचे वर्णन करताना ग्रंथकार मल्लांची प्रतवारी लावतो. ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल अशी त्यांची नावे आहेत. शरीराची ठेवण, ताकद, वय, दमसास पाहून ही वर्गवारी ठरे. म्हणजे कोण कोणाशी लढला तर ती कुस्ती म्हणायची आणि कोणाशी लढला तर ती नुसती मारहाण, हा विचार नऊशे वर्षांपूर्वी झाला होता. भाकिताची सुरुवात इथे आहे. दोघांत फार अंतर असेल तर निकाल आधीच कळतो आणि निकाल आधीच कळत असेल, तर राजाने तरी पाहायला कशाला बसायचे?

यानंतरची एक कथा पेशवाईच्या अखेरची. ती मल्लखांबाच्या परंपरेत सांगितली जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले आणि त्यांनी जोड मागितली. त्यांचे देह पाहून कोणी पुढे येईना. सगळ्या दरबाराचे भाकीत एकच होते. तेव्हा बाळंभट देवधर या तरुण ब्राह्मणाने आव्हान घेतले, मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन तप केले. तिथे त्यांना लाकडी खांबावर डावांचा सराव करण्याची कल्पना सुचली. परत येऊन त्यांनी अलीला हरवले आणि गुलाबने लढायचेच टाळले, असे ही कथा सांगते. कथेतले दैवी भाग बाजूला ठेवू. उरते ते एवढेच, की दरबाराने दोन देह पाहिले होते, पण मधल्या काळात त्यांतल्या एकाने काय नवीन कमावले ते पाहिले नव्हते. भाकीत चुकण्याचे हे कारण आजही तितकेच खरे आहे.

आता गावच्या मैदानात येऊ या. ज्यांनी जत्रेतल्या कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे असेल. हलगी कडाडते. पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी मैदान सुरू होते. मग इनाम चढत जाते. मोठ्या कुस्त्या आधी ठरलेल्या आणि हँडबिलावर छापलेल्या असतात. मधल्या कुस्त्या मात्र तिथल्या तिथे जमवायच्या असतात. लंगोट लावलेला पठ्ठा हात वर करून हौद्याला फेरी मारतो, जोड मागतो. पंच त्याच्याकडे पाहतात, समोरच्या गर्दीत पाहतात आणि कोणाला तरी बोट करून बोलावतात. दोघांना शेजारी उभे करतात. उंची बघतात, मान बघतात, मांड्या बघतात. कानाच्या पाळ्या मोडल्या आहेत का तेही बघतात, कारण मोडलेला कान म्हणजे वर्षानुवर्षे माती खाल्ल्याचा दाखला. तालीम कोणती, वस्ताद कोण, मागची कुस्ती कोणाशी झाली, असे दोन-तीन प्रश्न होतात आणि जोड लागते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. जोड लावणारा पंच हा आपल्याकडचा खरा भाकीतकार. पण त्याचे काम कोण जिंकेल हे सांगण्याचे नव्हते. ज्या कुस्तीचा निकाल आपल्याला स्वतःलाच सांगता येणार नाही अशी कुस्ती शोधून काढणे, हे त्याचे काम होते. ‘काटाजोड’ हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. मला त्यात तराजूचा काटा दिसतो. दोन्ही पारडी समान आणि काटा मधोमध थरथरतो आहे, अशी जोड. पंचाला जर निकाल दिसत असेल, तर त्याने ती जोड लावायची नाही.

याचे कारण फक्त करमणूक नव्हते. माझे आजोबा आमच्या गावी पंच असत. एका जत्रेत त्यांनी एक जोड लावली. एक मुलगा अंगाने भरलेला, दुसरा शेलाटा पण चपळ दिसणारा. आजोबांना वाटले, चपळाई वजनाला भारी पडेल. कुस्ती अर्धे मिनिटसुद्धा चालली नाही. शेलाटा मुलगा खाली आला तो खांद्यावर आणि त्याचा खांदा निखळला. तो पुढे शेतात राबला, संसार केला, पण त्या हाताने त्याला कधी पूर्ण जोर लावता आला नाही. आजोबा पुढेही पंच राहिले. मात्र पुढे कधी शंका आली की ते जोड लावत नसत. गर्दीने आरडाओरडा केला तरी नाही. ‘माझा अंदाज चुकला तर हाड त्याचं मोडतंय,’ असे ते म्हणत. भाकीत एकाचे आणि हाड दुसऱ्याचे, ही गोष्ट मी तेव्हा शिकलो.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी या साऱ्याला मोठे रूप दिले. १९०२ मध्ये ते युरोपला गेले होते. तिथली रोमची जुनी रंगभूमी पाहून तसे मैदान आपल्याकडे असावे असे त्यांच्या मनात आले. १९०७ मध्ये खासबाग मैदानाचे काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये ते पुरे झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे कुठूनही कुस्ती दिसते. उद्घाटनाला गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली आणि इमामबक्षने ती मारली. शाहू महाराजांनी उत्तरेतले नामांकित मल्ल कोल्हापूरला आणले, इथल्या तालमींना आश्रय दिला. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे पुढे महाराष्ट्रभर झाली. मैदानाच्या बैठकीवर हजारो माणसे बसू लागली, तेव्हा भाकीत करणारेही हजारो झाले. पारावरचा वाद आता शहराचा वाद झाला.

गामाचा विषय निघाला आहे, तर भाकीत करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी एक जोडी सांगतो. गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला या दोघांची गाठ पडली. त्याआधी गामाने अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला सहज लोळवले होते, त्यामुळे झबिस्को सावध होता. तो बहुतेक वेळ पालथा पडून जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ हा प्रकार चालला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तिला झबिस्को आलाच नाही. मग मध्ये सतरा वर्षे गेली. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणले. दोघेही पन्नाशीच्या आसपास. या वेळी गामाने झबिस्कोला एका मिनिटाच्या आत आसमान दाखवले.

माणसे तीच, पण एकदा अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा मिनिटभरात निकाल. मग १९१० च्या कुस्तीवरून १९२८ चे भाकीत कोणी कसे करावे? लंडनला गादी होती, पतियाळाला माती होती. लंडनला परके लोक आणि परके नियम होते, पतियाळाला गामा आपल्या घरी होता. जुन्या निकालाचा आकडा तेवढा लक्षात ठेवायचा आणि तो कोणत्या परिस्थितीत लागला ते विसरायचे, ही भाकीत करणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

माती आणि गादी यांतला हा फरक महाराष्ट्राने आपल्या सर्वांत मोठ्या मल्लाच्या बाबतीत पाहिला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती. निवड म्हणजे तरी काय? तेही एक भाकीतच. कोणाला पाठवले तर पदक येईल याचा अंदाज. मद्रासच्या स्पर्धेत खाशाबांना एका गुणाने मागे टाकण्यात आले. तो निर्णय अन्यायाचा होता असे त्यांना वाटले आणि त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, असे सांगितले जाते. पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. आता प्रश्न पैशाचा होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

मंडळी, मी आजवर जी जी भाकिते ऐकली, त्यांत हे मला सर्वांत मोठे वाटते. प्राचार्यांनी ‘शंभर टक्के’ म्हटले नाही. त्यांनी स्वतःचे घर पुढे केले. भाकीत चुकले असते तर छप्पर त्यांचे गेले असते, दुसऱ्या कोणाचे नाही. खाशाबा हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईकडून हरले आणि पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागल्याने तीही कुस्ती गमावून बसले. तरीही बँटमवेट गटातले ब्राँझपदक त्यांनी आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

त्यानंतरच्या काळात आपल्याकडे कुस्तीच्या भाकितांचा सुवर्णकाळ आला असे म्हणायला हरकत नाही. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपत आंदळकरांनी तो मान मिळवला. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पठ्ठा सतपाल याचा देशभर दबदबा होता. उंचापुरा, ताकदीचा, ऑलिंपिकची हवा खाऊन आलेला. १९७७ मध्ये बेळगावला त्याची गाठ लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांशी पडली. जाणकारांचा कौल सतपालकडे होता आणि बिराजदारांनी सतपालला चीत केले. आजही मराठवाड्यात आणि सीमाभागात जुनी माणसे ती कुस्ती कालच झाल्यासारखी सांगतात. मला त्यात एक गोष्ट नेहमी जाणवते. जे निकाल अंदाजाप्रमाणे लागले ते लोक विसरले. जो अंदाज मोडून गेला, तो पन्नास वर्षे टिकला.

अलीकडचे उदाहरण द्यायचे, तर जानेवारी २०२० मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरी झाली. २०१७ चा विजेता अभिजित कटके आणि २०१८ चा विजेता बाला रफिक शेख हे दोघेही मैदानात होते. अंतिम कुस्तीत मात्र दोघांपैकी कोणी नव्हते. समोरासमोर आले ते हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले. सदगीर ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या शेळकेला त्याने खांद्यावर उचलून घेतले. रोज एकत्र सराव करणाऱ्या दोन पठ्ठ्यांमधला कोण वरचढ ठरेल, हे प्रत्यक्ष त्यांच्या वस्तादांना तरी सांगता आले असते का?

आता लोकलमधल्या मुलांच्या एमएमएकडे येतो. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसीची पहिली स्पर्धा झाली. त्या वेळी वजनगट नव्हते. मुष्टियोद्धा, सुमो पहिलवान, किकबॉक्सर, सगळे एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. पाहणाऱ्याला वाटले असते की सर्वांत धिप्पाड माणूस जिंकेल. जिंकला तो ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, साधारण ऐंशी किलोचा, दिसायला एखाद्या कारकुनासारखा. त्याने एका रात्रीत तिघांना शरण आणले, कारण जमिनीवरचे डाव त्याला येत होते आणि इतर बहुतेकांना त्यांची ओळखच नव्हती. या घराण्याकडे ती विद्या मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूकडून आली होती. बाळंभटांच्या कथेत आणि या घटनेत फार फरक नाही. देह दिसत होता, कमावलेली विद्या दिसत नव्हती. पुढे १९९७ मध्ये यूएफसीने वजनगट आणले. सोमेश्वराने जे ११३० च्या सुमारास लिहून ठेवले, तिथे अमेरिका पोचली.

मुंबईनेही हे वारे लवकर घेतले. ११ मार्च २०१२ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला. संजय दत्त आणि राज कुंद्रा हे त्यामागे होते. मुख्य लढतीत बॉब सॅप हा अवाढव्य अमेरिकन आणि इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन समोरासमोर होते. सॅपच्या पायाला दुखापत झाली आणि लढत पहिल्याच फेरीत संपली. दुखापतीचे भाकीत कोण करणार? २०१७ मध्ये महाराष्ट्राचा भरत खंडारे कुस्तीच्या बळावर यूएफसीत पोचला आणि शांघायला सोंग यादोंग या चिनी मुलाकडून पहिल्या फेरीत हरला. सोंगला तेव्हा वीस वर्षेही पूर्ण नव्हती. त्या दिवशी अनेकांना तो पोरसवदा वाटला असेल. पुढे तो त्या खेळातल्या नावाजलेल्या खेळाडूंत गणला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या अंशुल जुबलीचे तसेच झाले. तोवर तो अपराजित होता, अबुधाबीच्या लढतीत पारडे त्याच्याच बाजूला झुकलेले होते, पहिल्या दोन फेऱ्याही त्याने चांगल्या काढल्या आणि तिसऱ्या फेरीत माइक ब्रीडनच्या एका ठोशाने सारे पालटले.

मग भाकीत करूच नये का? तसे मी म्हणणार नाही. भाकीत करण्याचेही शास्त्र आहे आणि ते सोपे आहे. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत प्राध्यापकी केलेले अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी एक गुणांकन पद्धत तयार केली. १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. कल्पना अशी, की प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा. बलवानाला हरवले तर आकडा जास्त वाढतो, दुबळ्याला हरवले तर थोडाच. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची शक्यता साधारण ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६ टक्के, ४०० चा असेल तर ९१ टक्के. बघा, चारशे गुणांच्या फरकालाही शंभर टक्के म्हणत नाहीत! ही पद्धत आता झुंजीच्या खेळांनाही लावून पाहतात. पण बुद्धिबळपटू वर्षाला कितीतरी डाव खेळतो आणि पिंजऱ्यातला योद्धा वर्षाला दोन-तीनदाच लढतो. दोन लढतींच्या मधल्या सहा महिन्यांत त्याचे गुडघे कसे आहेत, वजन उतरवताना अंगातले पाणी किती गेले, तालीम बदलली का, हे आकड्यात येत नाही. आपले पंच तेवढ्यासाठीच विचारत, “मागची कुस्ती कधी झाली?”

दुसरी गोष्ट भाकीत करणाऱ्याची परीक्षा घेण्याची. ग्लेन ब्रायर हे हवामानतज्ज्ञ होते. ‘उद्या पाऊस’ सांगणाऱ्यांचे गुण कसे मोजावेत यासाठी त्यांनी १९५० मध्ये एक हिशेब दिला. तो कुस्तीलाही लागू पडतो. तुम्ही नुसते नाव सांगायचे नाही, किती टक्के खात्री तेही सांगायचे. मग चुकीचा वर्ग करायचा. समजा, एकाने दहा लढतींत प्रत्येक वेळी ‘९० टक्के हाच’ म्हटले आणि सहा बरोबर आल्या. प्रत्येक बरोबर लढतीला दंड ०.०१ आणि प्रत्येक चुकीला ०.८१. सरासरी दंड होतो ०.३३. दुसऱ्याने त्याच दहा लढतींत तीच नावे सांगितली, पण ‘६० टक्के’ म्हटले. त्याचा दंड येतो ०.२४. आणि तिसरा म्हणाला, ‘मला काहीच कळत नाही, पन्नास-पन्नास.’ त्याचा दंड ०.२५. म्हणजे छातीठोक बोलणारा माणूस ‘मला कळत नाही’ म्हणणाऱ्याच्याही मागे पडला! नावे तर त्याने सहा बरोबर सांगितली होती. त्याला महागात पडली ती खात्री.

आणखी एक हिशेब त्या लोकलमधल्या मुलांसाठी. प्रत्येक लढतीत तुमचा अंदाज ७० टक्के बरोबर येतो असे धरू, जे फार चांगले झाले. तरी एका रात्रीतल्या चारही लढती बरोबर येण्याची शक्यता ०.७ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे साधारण २४ टक्के. चारांतून तीन वेळा तुम्ही कुठेतरी चुकणारच.

हा हिशेब मी मुद्दाम सांगतो, कारण भाकिताच्या पाठोपाठ पैज येते आणि पैजेच्या पाठोपाठ पैसा. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कायदा आपले काम करील. पण ‘शंभर टक्के’ या शब्दावर विश्वास ठेवून ज्या घरात पगार बुडतो, तिथे कायदा उशिरा पोचतो. शिवाय पैसा आला की निकाल आधी ठरवण्याचा मोह येतो. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. एकदा लोकांना नुरेचा संशय आला की मैदान ओस पडते, मग दोन खरे मल्ल जीव तोडून लढले तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

पंचांवरचा विश्वास हीसुद्धा तेवढीच नाजूक गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत एका निर्णयावरून वाद झाला आणि शिवराज राक्षे या दोन वेळच्या विजेत्याने पंचांना लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. अंतिम कुस्तीतला वाद वेगळाच, त्यात महेंद्र गायकवाडवरही तशीच बंदी आली. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली, पण लोकांच्या बोलण्यात राहिली ती लाथ. निकाल कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो खरा लागला का, हा प्रश्न मोठा होऊन बसला की खेळाचे काही उरत नाही.

मीरा-भाईंदर हे २००२ मध्ये महानगरपालिका झालेले शहर. मिठागरांच्या, आगरी-कोळ्यांच्या गावांचे बघता बघता इमारतींचे शहर झाले. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे इथे राहतात. त्यांच्या मुलांना माती मिळाली नाही, त्यांना इमारतीच्या तळमजल्यावरची गादी मिळाली. त्यात वाईट काही नाही. खाशाबांनाही शेवटी गादीवरच लढावे लागले.

भाईंदर आले, मुले उतरू लागली. मला राहवले नाही. ज्याचे ‘शंभर टक्के’ चालले होते त्याला मी विचारले, “बाळा, तू स्वतः लढतोस का?” तो जरा लाजला. म्हणाला, “हो काका. पुढच्या महिन्यात पहिलीच लढत आहे.”

“मग तुझ्या लढतीचं काय? तिथं किती टक्के?”

तो क्षणभर थांबला. सोबतचे दोघे हसायला लागले, तो मात्र हसला नाही. म्हणाला, “समोरचा कोण आहे ते अजून सांगितलं नाही. सरांनी सांगितलंय, जोडीचा मिळाला तरच उतरवणार. नाहीतर नाही.”

मला त्याच्या सरांचे नाव ठाऊक नाही. पण आमच्या आजोबांना तो माणूस आवडला असता. मी त्या मुलाला म्हटले, “एक वही कर. प्रत्येक लढतीआधी नाव लिही, टक्के लिही, का ते लिही. चुकलास तर खोडू नकोस.” त्याने मान डोलावली आणि गर्दीत मिसळून गेला. त्याची लढत कोण मारणार, हे मला सांगता येत नाही. तेच बरे आहे.